कोवळा मल्ल आणि वजनाचा काटा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी राजगुरुनगर येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या या मंगल प्रसंगी 'विद्यार्थी आणि व्यायाम' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली. विषय मोठा आणि आमची शक्ती अल्प. म्हणून त्याचा एक कोपराच आम्ही आज आपणांपुढे ठेवणार आहोत. शाळेत शिकणाऱ्या कुस्तीगीर मुलाने स्पर्धेसाठी वजन उतरवावे की न उतरवावे, उतरवावयाचे असल्यास किती, कसे आणि कोणाच्या देखरेखीखाली, एवढाच तो कोपरा होय. गुणगौरवाच्या दिवशी असा विषय काढणे काहींस रसभंगाचे वाटेल. परंतु मघाशी जी मुले या व्यासपीठावरून श्रीफळ घेऊन गेली, त्यांत कुस्तीत चमकलेली मुलेही होती, आणि त्यांपैकी एकाचे बसलेले गाल व सुकलेले ओठ पाहून हा विषय काढण्याचा आमचा निश्चय अधिकच दृढ झाला.

हुतात्मा राजगुरूंच्या या गावास आणि आपल्या तालुक्यास कुस्ती नवी नाही. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. सकाळी बैलगाड्यांचा घाट गाजतो. दुपार कलली की हलगी कडाडते आणि आखाड्याभोवती माणसांचे कडे पडते. आधी लहानग्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या आणि दिवस मावळताना मानाची निकाली कुस्ती, असा तो क्रम असतो. या आखाड्यात काटा नसतो. गावचे जाणते पंच दोन पोरांचे हात धरून त्यांस फिरवितात, खांद्यास खांदा लावून पाहतात, आणि 'जोड बरी आहे' असे म्हणाले की कुस्ती लागते. अशा कुस्तीत वजन घटवून कोणाचाच लाभ नाही. वस्तादाने तालमीतील पोरास सांगावयाचे ते एवढेच की, दूध पी, थंडाई घे, जोर-बैठका मार आणि अंगाने भर.

तथापि या जुन्या पद्धतीत दोष नव्हता असे मात्र नाही. पंचांची नजर कधी चुके, कधी मुद्दाम चुकविली जाई, आणि बिचारे हलके पोर दांडग्याच्या खाली सापडे. वजनाचे गट पाडण्याची पद्धत ही दुबळ्यास न्याय देणारी पद्धत आहे. आपल्या खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ५२ किलोच्या गटात लढून सहावा आला, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलोच्या गटात लढून त्याने कांस्यपदक मिळविले. वजनाचे गट नसते, तर एवढ्या चणीच्या मराठी मुलास जगाच्या आखाड्यात कोणी उभे केले असते? म्हणून काट्याशी आमचे वैर नाही. आणखी एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चार वर्षांत खाशाबांचा गट वर गेला, आणि त्यासरशी त्यांचे यशही वर गेले. गट वाढणे ही नामुष्की नव्हे.

मग दोष कोठे शिरला? दुबळ्यास न्याय मिळावा म्हणून जो काटा आणला, त्यालाच फसविण्याची विद्या माणसाने शोधून काढली. एक्कावन्न किलोच्या मुलास कशीतरी अठ्ठेचाळीसच्या काट्यातून काढावयाचे, वजन झाले की त्यास भरपूर खाऊपिऊ घालावयाचे, आणि खऱ्या अठ्ठेचाळीस किलोच्या पोरासमोर उभे करावयाचे, ही ती विद्या. पुढे पुढे सर्वच जण ती करू लागले. त्यामुळे कोणाचाच फायदा उरला नाही आणि सर्वांचेच हाल मात्र राहिले.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ज्यांची ती आहे, ते आज चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. त्यांची परवानगी आम्ही घेतली आहे. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अपराध शाळेचा नव्हता, आमचा होता. १९९९ साल होते. शाळेचा कुस्तीचा संघ घेऊन जाण्याचे काम आमच्याकडे असे. सोळा वर्षांचा एक मुलगा ४६ किलोच्या गटात जिल्ह्यात पहिला आला होता. पुढची स्पर्धा विभागाची. मधे दीड महिना गेला. मुलाचे वय वाढीचे. स्पर्धेच्या चार दिवस आधी काट्यावर उभा केला, तो ४८ किलो ६०० ग्रॅम भरला. दोन किलो सहाशे ग्रॅम उतरवावयाचे होते, आणि दिवस होते चार.

आम्ही त्याची भाकरी बंद केली. तिसऱ्या दिवशी पाणीही बंद केले. खताच्या गोणीतील प्लॅस्टिकचे अस्तर कापून त्याच्या अंगात चढविले, त्यावर दोन स्वेटर घातले आणि भर दुपारी त्यास मैदानाला फेऱ्या मारावयास लावल्या. ओवा चघळून थुंकावयास सांगितले. मुक्कामाच्या रात्री तो उठून माठाकडे गेला, तेव्हा आम्ही जागे होतो. आम्ही त्याच्या हातून पेला काढून घेतला. त्याने काही एक तक्रार केली नाही. गुरुजींनी सांगितले म्हणजे ते बरोबरच असणार, असे मानणारा तो मुलगा होता. पहाटे काटा ४५ किलो ९०० ग्रॅमवर थांबला आणि आम्ही त्याची पाठ थोपटली.

पहिल्याच कुस्तीत त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. तो खाली बसला आणि मग आडवा झाला. अंग तापलेले होते, पण त्यावर घाम नव्हता. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी शिरेतून सलाईन सुरू केले आणि आम्हांस विचारले, "याने शेवटचे पाणी केव्हा घेतले?" आम्हांस ती वेळ घड्याळाच्या काट्यानिशी ठाऊक होती. आम्ही म्हणालो, "आज सकाळी." पाणी त्याने आदल्या दिवशी सकाळी घेतले होते. पस्तीस वर्षे आम्ही मुलांस 'खरे बोलावे' हे शिकविले. आणि ज्या वेळी खरे बोलण्यावर एका मुलाचा जीव अवलंबून होता, त्या वेळी आम्ही खोटे बोललो. मुलगा वाचला, तो डॉक्टरांच्या कौशल्याने. त्यानंतर तो आखाड्यात उतरला नाही.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकशास्त्र आम्हांस येत नाही. परंतु निवृत्तीनंतर या विषयावर जे जे मिळाले ते आम्ही वाचले, आपल्या समाजातील डॉक्टरमंडळींस विचारले, आणि जे कळले ते साध्या भाषेत सांगतो.

चाकणच्या बाजारात कांदा नेणारे बंधू येथे पुष्कळ आहेत. चाळीत ठेवलेल्या कांद्याचे वजन घटते ते कशाने, हे त्यांस सांगावयास नको. कांद्यातील पाणी उडून जाते. चार दिवसांत उतरविलेले मुलाचे वजन हे बव्हंशी असेच पाण्याचे असते. चरबी इतक्या त्वरेने उतरत नाही. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा आहे. ते कमी झाले की रक्त दाटते आणि तेच रक्त फिरविण्यास हृदयास अधिक कष्ट पडतात. घाम आटतो, आणि घाम आटला की अंगातील उष्णता बाहेर पडण्याची वाट बंद होते. मूत्रपिंडांवर ताण येतो. पाण्याबरोबर क्षारही जातात, आणि त्यांवाचून स्नायू आखडतात. शरीराच्या वजनाच्या शंभरांत दोन भागांइतके पाणी गेले तरी दम आणि एकाग्रता ढासळू लागते. वजन झाल्यावर घटाघटा पाणी प्यायले म्हणजे भरपाई झाली, असे वस्तादमंडळी समजतात. परंतु दोन-तीन तासांत ती भरपाई पुरी होत नाही. म्हणजे हलक्या गटाचा लाभ मिळविण्यासाठी मुलाने आपले बळच गहाण टाकलेले असते. शिवाय वाढीच्या वयात वारंवार उपाशी ठेवलेल्या मुलाची उंची, हाडे आणि अभ्यास या तिन्हींचे नुकसान होते, ते वेगळेच.

जाणत्या मल्लांचीही या जुगारातून सुटका नाही. विनेश फोगाट यांची गोष्ट घरोघरी माहीत आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६ ऑगस्ट २०२४ रोजी तीन कुस्त्या जिंकून त्या ५० किलोच्या गटात अंतिम फेरीत पोहोचल्या. रात्रभर व्यायाम केला, घाम गाळला, केससुद्धा कापले. आणि ७ ऑगस्टच्या सकाळी १०० ग्रॅम वजन अधिक भरून त्या अपात्र ठरल्या. शरीरातील पाणी आटल्याने त्यांस उपचार घ्यावे लागले. त्याच स्पर्धेत अमन सेहरावत यांनी एका रात्रीत सुमारे ४.६ किलो वजन उतरवून ५७ किलोच्या गटात कांस्यपदक मिळविले, आणि सर्व देशाने त्या रात्रीचे कौतुक केले. परंतु तेच अमन सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेब येथील जागतिक स्पर्धेत १.७ किलो अधिक भरले आणि एकही कुस्ती न खेळता परतले. ज्यांच्या दिमतीस डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मालीश करणारे असतात, त्यांची ही कथा. मग खताच्या गोणीचे प्लॅस्टिक घेऊन धावणाऱ्या आमच्या पोरांची काय कथा सांगावी! आणि हे मल्ल प्रौढ आहेत, आपल्या शरीराचे बरेवाईट त्यांचे त्यांस कळते. शाळकरी मुलास ते कळत नाही. ते कळण्याचे काम आपले आहे.

यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, अवघ्या पाच आठवड्यांत, तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर मृत्युमुखी पडले. रबरी कपडे घालून, तापलेल्या खोलीत व्यायाम करून ते वजन उतरवीत होते. त्यानंतर तेथे महाविद्यालयांचे नियम बदलले, आणि २००६-०७ पासून तेथील शालेय संघटनांच्या राष्ट्रीय महासंघानेही शाळांसाठी कडक नियम केले. ते आपण समजून घेण्याजोगे आहेत.

पहिला नियम असा की, हंगाम सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक मुलाची तपासणी होते. प्रथम लघवीच्या परीक्षेने त्याच्या अंगात पुरेसे पाणी आहे की नाही ते पाहतात. सुकून आलेल्या मुलाचे मोजमाप घेतच नाहीत. मग अंगातील चरबीचे प्रमाण काढतात. मुलाच्या शरीरात शेकडा ७ आणि मुलीच्या शरीरात शेकडा १२ यांहून कमी चरबी राहील, इतक्या खालच्या गटात त्यांस उतरता येत नाही. दुसरा नियम, आठवड्यास शरीराच्या वजनाच्या शेकडा दीड भागाहून अधिक वजन उतरविता येत नाही. तिसरा नियम, रबरी वा प्लॅस्टिकचे कपडे, वाफेच्या पेट्या, लघवी वाढविणारी औषधे या सर्वांस बंदी. आणि चौथा आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटला. मुले वाढतात हे मान्य करून हंगामाच्या मध्यास प्रत्येक गटाच्या मर्यादेत दोन पौंडांची, म्हणजे सुमारे नऊशे ग्रॅमची, सूट देतात.

वैद्यक येत नसले तरी त्रैराशिक आम्हांस येते. म्हणून हिशेब करून दाखवितो. समजा, एक मुलगा ५२ किलोचा आहे आणि त्याच्या अंगात शेकडा १० चरबी आहे. म्हणजे चरबी ५ किलो २०० ग्रॅम, आणि उरलेले हाड, मांस, रक्त वगैरे ४६ किलो ८०० ग्रॅम. चरबी शेकडा सातवर आणली, तर हे ४६ किलो ८०० ग्रॅम एकूण वजनाच्या शेकडा ९३ भरले पाहिजेत. भागाकार केला की उत्तर येते सुमारे ५० किलो ३०० ग्रॅम. ही त्या मुलाची तळरेषा. त्याने ५१ किलोच्या गटात खेळावे. ४८ च्या गटाकडे पाहूही नये. आणि ५२ चा ५१ होण्यास किती दिवस? आठवड्यास शेकडा दीड म्हणजे सुमारे पाऊण किलो. अर्थात किमान दोन आठवडे. याच हिशेबाने आम्ही त्या मुलाचे जे वजन चार दिवसांत उतरविले, त्यास जवळजवळ चार आठवडे लागावयास हवे होते. पहिलीतले आकडे आणि सातवीतले गणित. पण ते त्या वेळी आम्हांस सुचले नाही.

आपल्याकडील अडचणीचे खरे मूळ येथेच आहे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी महिनोन्‌महिने चालतात. मुलगा ज्या गटात तालुक्यात जिंकतो, त्याच गटात त्यास पुढे जावे लागते. चौदा-पंधरा वर्षांचे पोर त्या महिन्यांत वाढणारच. ते वाढले नाही तर आईबाप चिंता करतील. म्हणजे घरी ज्या वाढीसाठी आई देवास नवस बोलते, त्याच वाढीबद्दल मुलास तालमीत शिक्षा होते. पायऱ्यांच्या या शर्यतीत वाढीची सूट नसेल, तर पहिल्या पायरीवरच मुलास त्याच्या नैसर्गिक वजनाच्या गटात, किंबहुना किंचित वरच्या गटात घालणे हेच शहाणपण होय.

काही पालक आम्हांस म्हणतात, "गुरुजी, तुमचे खरे, पण पोराला प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंस पाच टक्के जागा आहेत. चार दिवस उपास काढला तर काय बिघडले?" या बोलण्यामागची कळ आम्ही जाणतो. ज्याचा बाप कारखान्यात कंत्राटावर आहे आणि उद्या फाटकात घेतील की नाही याची ज्यास खात्री नाही, त्यास आपल्या मुलाच्या कायम नोकरीचे स्वप्न पडले, तर त्यास हसणारे आम्ही कोण? परंतु नोकरी करावयाची ती याच शरीराने. मूत्रपिंड बिघडवून मिळविलेले प्रमाणपत्र दवाखान्याच्या कागदांबरोबर एकाच पिशवीत ठेवावे लागेल. आणि दुसरे असे की, उपाशी पोर पहिल्याच कुस्तीत पडले, तर प्रमाणपत्र तरी कोठून मिळणार? आमच्या मुलाचे झाले ते हेच.

म्हणून मंडळाच्या विचारार्थ काही सूचना करतो. मंडळाच्या कार्यालयात एक चांगला वजनकाटा आणि एक वही ठेवावी. कुस्ती खेळणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचे वजन दर महिन्यास एकदा, सकाळी अनशेपोटी घेऊन त्या वहीत लिहावे; वर्षभराची वाढ डोळ्यांसमोर राहिली म्हणजे गट ठरविताना अंदाजाने बोलावे लागणार नाही. दुसरे, आपल्या समाजातील डॉक्टरांनी हंगामापूर्वी एक दिवस द्यावा आणि प्रत्येकाची तळरेषा लिहून द्यावी. चौदा वर्षांच्या आतील मुलांचे वजन तर मुळीच उतरवू नये. तिसरे, पारितोषिक देताना मंडळाने पदकाबरोबर ही वहीही पाहावी. जो मुलगा वर्षभरात अंगाने वाढला आणि वरच्या गटात लढला, तो हरला असला तरी त्याचा येथे सत्कार व्हावा. चौथे, शालेय स्पर्धांत हंगामापूर्वीची तपासणी आणि वाढीची सूट असावी, असा विनंतिअर्ज मंडळाने जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे धाडावा. त्यावर पहिली सही आम्ही करू.

या सर्वांस वेळ लागेल. परंतु एक नियम असा आहे की, त्यास ना खर्च लागतो ना कोणाची मंजुरी. तो येथे बसलेल्या माताभगिनींनी आज घरी जाऊन लागू करावा. आपल्या मुलाचे पाणी कोणी बंद केले, मग तो वस्ताद असो, गुरुजी असो की मुलाचा बाप असो, तर त्या मुलास त्या स्पर्धेस पाठवू नये.

गेल्या यात्रेत आमचा तो जुना विद्यार्थी आपल्या मुलास घेऊन आमच्या घरी आला. मुलगा पंधरा वर्षांचा, अंगाने भरलेला. वडील म्हणाले, "गुरुजी, हा बावन्न भरतोय. वस्ताद म्हणतात अठ्ठेचाळीसला घालू. तुम्ही काय म्हणता?" मघाशी जो हिशेब आपणांस सांगितला, तो त्याच मुलाचा, डॉक्टरांकडून त्याचे मोजमाप करवून आणून आम्ही तो मांडला. उत्तर निघाल्यावर आम्ही त्यांस दवाखान्यातील ते खोटे बोलणेही सांगून टाकले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मला माहीत आहे, गुरुजी. मी तेव्हा जागा होतो." इतकी वर्षे हे ठाऊक असून त्यांनी आमच्या पायांस हात लावणे सोडले नव्हते, आणि आपल्या मुलासाठी सल्ला विचारावयासही ते आमच्याकडेच आले. ज्ञातिबंधूंनो, मुलांचा आपणां वडीलधाऱ्यांवर विश्वास असतो तो असा. त्यास आपण पात्र व्हावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.

त्यांचा मुलगा ५१ किलोच्या गटात खेळला. जिल्ह्यात दुसरा आला, आणि कुस्ती संपल्यावर पंचांसमोरच तांब्याभर पाणी प्याला.